दुःखाचा घास

घरात मृत्यू झाला की आपल्याकडे चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठले-भाकरी आणून बळेबळेच दोन घास भरवितात. तेराव्याला गोडाचे जेवण होते, पाहुणे आपापल्या गावी परततात. खरी उपासमार त्यानंतर सुरू होते. पोटाची नव्हे, सोबतीची.

निपाणीच्या आमच्या परिचयातील एक भगिनी यजमानांच्या पश्चात दुपारी एकट्याच बसत. बेळगावहून कुंदा आणण्याची वडिलांची रीत मुलाने पुढे चालविली. (कोणत्या मुलाला ती मोडवेल?) आटवलेले दूध आणि साखर! वर्षभरात अकरा किलो वजन वाढले. "दुःख मानवले हो!" अशी नातलगांत कुजबुज झाली. यापरते क्रूर वाक्य आम्ही ऐकलेले नाही. शोकाच्या ताणाने शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि गोडाची ओढ लागू शकते. त्यात हावरेपणा कोठला?

पुढे रक्तातही साखर आढळली. भारतीयांच्या अंगी, वजन बेताचे असतानाही, चरबी अधिक असू शकते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची व एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना करून दाखविले. म्हणून स्त्रियांनी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत राखावा.

बाईंनी कडक उपास केले नाहीत. दुपारचा चहा तेवढा शेजारणीकडे नेला आणि संध्याकाळी अर्धा तास चालू लागल्या. सहा महिन्यांत चार किलो उतरले. हल्ली गल्लीतील आणखी एक बाई त्यांच्यासोबत चालते. तिच्या घरचे तेरावे गेल्याच महिन्यात झाले.