पोलिसात ‘तरी’ जा, असं पोरांना म्हणू नका



घरात बारावी झालेलं पोरगं असलं की विषय निघतोच. मासा कमी झालाय, जाळ्याचा खर्च वाढलाय, मग "पोलिसात तरी जा." हा ‘तरी’ आम्हाला खटकतो. पोलिसाची नोकरी चांगलीच आहे. पण दुसरं काही जमत नाही म्हणून धरायची नोकरी ती नव्हे.

निपाणी-बेळगावच्या पोरांना दोन दारं आहेत. कर्नाटकात सिव्हिल पोलीस कॉन्स्टेबलला बारावी लागते. उंची मुलांना १६८ सेंमी, मुलींना १५७. मुलांना १६०० मीटर साडेसहा मिनिटांत पळायचं. पेपर कन्नड आणि इंग्रजीत असतो, मराठीत नाही. महाराष्ट्रात उंची मुलांना १६५, मुलींना १५५. मैदानी ५० गुण, लेखी १०० गुण, पेपर मराठीत. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना तिथं अर्ज करता येतो, पण त्या गावात १५ वर्षं राहत असल्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. म्हणजे १६६ उंचीच्या पोराला एक दार बंद, दुसरं उघडं. आधी फूटपट्टी लावा, मग क्लासची फी भरा.

कन्नडचं स्पष्ट बोलतो. सीमाप्रश्नावर आपलं मत ठाम आहे, ते राहू दे. पण कर्नाटक पोलिसात जायचं तर कन्नड लिहिता-वाचता आलंच पाहिजे. भाषा शिकल्यानं कुणाचं मराठीपण जात नाही. उलट ठाण्यात आपली भाषा समजणारा एक माणूस असला, तर नदीत विष टाकून मासे मारणाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायला आपली म्हातारी माणसंही बिचकणार नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली. अशा वेळी पाणी ओळखणारा पोलीस किती कामाचा, ते तुम्हाला सांगायला नको.

आता दुसरी बाजू. गणपतीत सगळं गाव नाचतं तेव्हा पोलीस बंदोबस्ताला उभा असतो. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला अधिवेशन लागलं की तेच. नदीवर आपण आपल्या मनाचे मालक असतो, तिथं साहेबाचा हुकूम. ज्याला हे सोसत नाही, त्याला ढकलू नका. "म्हातारपणी पेन्शन आहे" असंही घरात सांगितलं जातं. कर्नाटकात १ एप्रिल २००६ नंतर लागलेल्यांना नवीन पेन्शन योजना आहे, त्यात दर महिन्याला पगारातून पैसे कापले जातात. जुन्या माणसांची पेन्शन बघून हिशोब मांडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, एजंट. कर्नाटकात ५४५ पीएसआय पदांची परीक्षा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. घोटाळा उघड झाला, एप्रिल २०२२ मध्ये निवड रद्द झाली, फेरपरीक्षा जानेवारी २०२४ मध्ये झाली. पैसे देणारे तर अडकलेच, पण प्रामाणिक पोरांचीही दोन वर्षं गेली. "जागा पक्की करतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत लावा. त्यासाठी नाव, इंजिन किंवा बायकोचे दागिने विकायचे नाहीत.

पोरांनाही एक सांगणं. मोर्चाला जा, घोषणा द्या, तो हक्क आहे. पण दगड उचलू नका, भडक मेसेज पुढं पाठवू नका. अंगावर गुन्हा असला की पोलीस पडताळणीत अडचण येते.

आमचा सल्ला एवढाच: पोराला किंवा पोरीला मनापासून हवं असेल तर मन लावून दोन वर्षं द्या. पहाटे पळायचं, दुपारी अभ्यास, आठवड्यातून दोन दिवस जाळ्यावर. झालं तर आनंद. नाही झालं तर नाव घाटावर आहेच, आणि त्यात कमीपणा कसला?

जाहिरात निघाली की वय, फी आणि तारखा तिच्यातच नीट वाचा. अर्ज भरताना अडलं तर कागद घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, बसून बघू.

– सचिव