सिरियस कॅमेरा

'सिरियस' हा इंग्रजी शब्द आपण मराठी माणसं दोनच ठिकाणी मनापासून वापरतो. एक पेशंटच्या बाबतीत आणि दुसरा कॅमेऱ्याच्या बाबतीत. "आता जरा सिरियस कॅमेरा घ्यावा म्हणतो," असं चाळिशीतल्या एखाद्या गृहस्थाने जेवताना म्हटलं, की घराचं वातावरण इस्पितळाच्या व्हरांड्यासारखं होतं. नातेवाईक जमतात, खालच्या आवाजात बोलतात, "एकूण किती लागतील?" असं विचारतात, आणि ज्याने उभ्या जन्मात कुणाचा साधा ताप उतरवलेला नाही असा प्रत्येक जण एकेका मोठ्या डॉक्टरचं नाव सुचवतो.

माझं भांडण या सुचवणाऱ्यांशी आहे.

त्यांचे तीन पंथ आहेत. पहिला मोबाईलवाल्यांचा. "कशाला पैसे घालवता? खिशात आहे की कॅमेरा!" हा पंथ गरिबाचा कैवारी असल्याचा आव आणतो, पण त्याचा स्वतःचा मोबाईल आपल्या सगळ्या बजेटच्या दुप्पट किमतीचा असतो. दुसरा पंथ फुलफ्रेमवाल्यांचा. फुलफ्रेम म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो तो कॅमेरा. "घ्यायचा तर फुलफ्रेमच घ्या, नाहीतर घेऊच नका," असं ही मंडळी ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात त्यांचे वडील "मुलगा डॉक्टरच हवा" असं सांगत असत. तिसरा पंथ थांबावाल्यांचा. आमचे साडू या पंथाचे मठाधिपती. "थांबा हो, दिवाळीत ऑफर येते." दिवाळी आली की, "थांबा, नवं मॉडेल येतंय." नवं मॉडेल आलं की, "थांबा, आता जुन्याची किंमत उतरेल." तिन्हींत हा पंथ सगळ्यांत घातक, कारण त्याच्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत. त्याच्या नादी लागलेला माणूस मुलाच्या मुंजीसाठी म्हणून कॅमेरा बघायला लागतो आणि नातवाच्या मुंजीत दुसऱ्याने काढलेल्या फोटोत मागच्या रांगेत अर्धा दिसतो.

तिघांपैकी एकही माणूस एक साधा प्रश्न विचारत नाही: बाबा रे, तू फोटो कशाचे काढणार, आणि तिथे उजेड किती असतो?

आता मी राहतो छत्रपती संभाजीनगरात. इथून तीसेक किलोमीटरवर वेरूळ आणि शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. पाहुणा आला की त्याला तिकडे नेणं हे आम्हा गावकऱ्यांचं जन्मजात कर्ज, बिनव्याजी पण कधीच न फिटणारं. त्यामुळे आमच्या गावात कॅमेऱ्याची परीक्षा दुकानाच्या झगमगाटात होत नाही. ती अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात, पद्मपाणीसमोर होते. आत अंधुक उजेड. चित्रांना इजा होते म्हणून फ्लॅशला सक्त मनाई. परवानगीवाचून तिपाईही चालत नाही. मागे पाहुण्यांची रांग ढकलत असते आणि चौकीदार "चलो, चलो" म्हणत असतो. अशा वेळी कॅमेऱ्याची बॉडी किती लाखाची आहे याला कवडीची किंमत नसते. प्रश्न एवढाच, की समोरचं भांडं उजेड किती गोळा करतं. ते भांडं म्हणजे लेन्स.

मी पडलो कारकून, तेव्हा हिशेबच मांडतो. नवशिक्याच्या कॅमेऱ्याबरोबर जी १८-५५ ची लेन्स येते, ती ५५ ला नेली की तिचं तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ एवढं उघडतं. याउलट ५० मिलिमीटरची एक साधी, ठेंगणी लेन्स मिळते. तिचं तोंड एफ १.८. (हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. बँकेतल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.) आता ५.६ चा वर्ग करा, १.८ चा वर्ग करा आणि एकाला दुसऱ्याने भागा. उत्तर येतं जवळजवळ दहा! म्हणजे जिथे पहिल्या लेन्सला अर्धा सेकंद लागेल आणि हात हलून पद्मपाणीला चार डोळे येतील, तिथे दुसरीला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. श्वास रोखून धरला तर बोधिसत्त्व दोनच डोळ्यांचा येतो. ही लेन्स मोठ्या कंपन्यांच्या लेन्सांमध्ये सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक आहे, म्हणून तिच्याविषयी कुणी बोलत नाही. दुकानदार तर नाहीच नाही.

मोबाईलवाल्यांचं या ठिकाणी एक म्हणणं असतं, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. अंधारात मोबाईल एकामागून एक झटपट फोटो घेतो, त्यांची बेरीज करतो आणि लख्ख चित्र हातात देतो. खरी गोष्ट आहे. पण ते चित्र बघून वाटतं, पद्मपाणीच्या डोक्यावर कुणीतरी ट्यूबलाईट लावली. अजिंठ्याचा अंधार हाही अजिंठ्याचाच भाग आहे, आणि तो किती ठेवायचा हे मला ठरवायचंय. मोबाईल मला विचारत नाही. घरात आणखी एक मला न विचारता निर्णय घेणारं माणूस कशाला?

अजिंठ्याचे फोटो म्हणजे हौस, असंही कुणी समजू नये. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी १८४४ साली या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षं डोंगरात राहून त्याने मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनला गेली, आणि डिसेंबर १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतली बहुतेक जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स साहेबांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला करवल्या. त्यांतल्याही शंभराहून अधिक १८८५ साली लंडनमध्येच आगीत सापडल्या. (आपल्या वस्तू लंडनला पाठवू नयेत, हे आमच्या आजोबांचं मत असं पुराव्यानिशी सिद्ध होतं.) पण याच गिलने लेण्यांचे फोटोही काढले होते, आणि १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ते पुस्तकरूपाने लंडनमध्ये निघाले. ते राहिले. त्या काळी काचेवर रसायन ओतायचं, काच ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच तो धुवायचा, अशी रीत होती. गिलजवळ मेगापिक्सेल शून्य होते. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींनी १९३० ते १९५५ या काळात चार खंडांमध्ये अजिंठा छापला, तोही फोटोंच्याच आधाराने. यांपैकी कुणी दिवाळीच्या ऑफरसाठी थांबल्याचं वाचनात नाही.

वेरूळला मात्र माझी ५० ची लेन्स हात टेकते, हे कबूल केलं पाहिजे. लहान सेन्सरवर ती ८० सारखी वागते. कैलासाच्या अंगणात उभं राहून बघाल तर हत्ती मावत नाही, हत्तीचा पाय मावतो. पण तिथे ऊन भरपूर असतं, तेव्हा ती फुकटात आलेली १८-५५ लावावी, १८ वर न्यावी, आणि अख्खं अंगण चौकटीत घ्यावं. दोन लेन्समध्ये दोन्ही लेणी आटोपली. तिसरी कशाला लागते हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. फुलफ्रेमवाल्यांनी प्रयत्न केला, पण त्यांच्या फोटोंत लेण्यांपेक्षा कॅमेऱ्याचीच माहिती जास्त असते.

मेगापिक्सेलचं खूळ तर विचारूच नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ६००० ठिपके आणि उभे ४०००. इंचाला ३०० ठिपके अशी उत्तम छपाई केली तरी २० इंच रुंद फोटो होतो. आमच्या हॉलची मोकळी भिंत मोजली. घड्याळ, कालनिर्णय आणि सासऱ्यांचा फोटो वजा जाता उरते अठरा इंच. म्हणजे दोन इंच माझ्याकडे आत्ताच जास्त आहेत.

आता व्याज. इथे मी अधिकारवाणीने बोलणार. 'नो कॉस्ट ईएमआय' अशी पाटी दिसली की मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. अहो, २०१३ सालीच रिझर्व्ह बँकेने बँकांना कान धरून सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज नावाची चीजच अस्तित्वात नाही. जे व्याज दिसत नाही ते कुठेतरी किमतीत नाहीतर न दिलेल्या सवलतीत लपलेलं असतं. आणि क्रेडिट कार्डावर हप्ते पाडले, तर त्या न दिसणाऱ्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र अगदी ठळक दिसतो. न दिसणाऱ्या देवाला खरीखुरी दक्षिणा! कॅमेरा रोखीने, आहे त्या पैशात घ्यावा. आणि त्यातले निम्म्याहून कमी बॉडीवर घालवावेत.

म्हणजेच बॉडी जुनी घ्यावी. "सेकंडहँड?" असं म्हणून लोक नाक मुरडतात, पण हेच लोक स्कूटर, फ्लॅट आणि विनोद सेकंडहँड खुशाल घेतात. आजच्याइतका अनुकूल काळ पुन्हा यायचा नाही. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर आरसा असलेला नवा कॅमेरा काढलेला नाही. शौकीन मंडळी बिनआरशाच्या मागे लागली आणि त्यांचे चांगले धडधाकट आरसेवाले घराघरांतल्या कपाटात बसले. मात्र एक चौकशी करावी: शटरने किती वेळा उघडझाप केली? स्कूटरचे किलोमीटर बघतो तसं. निकॉनचे साधे कॅमेरे लाखभर उघडझापींची परीक्षा देऊन आलेले असतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने एका लग्नात चार हजार काढले, तर पंचवीस लग्नांत लाख होतात. तेव्हा "घरगुती वापर, फक्त एकदा महाबळेश्वर" असं सांगणाऱ्याच्या कॅमेऱ्याला अत्तराचा वास येतो का तेही बघावं.

लेन्स जुनी घेतली तर तिच्यातून टॉर्च मारून पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबईहून आलेल्या लेन्सकडे म्हणून जरा संशयाने बघावं. तिथे पावसाळा लेन्सच्या आतही मुक्काम करतो. आमच्याकडे ती भीती कमी. मी एका दुकानात टॉर्च काढला तर दुकानदार भाई खो खो हसले. "अरे साब, इधर पानीच नहीं गिरता, फफूंद कहाँ से लगेंगी?" मराठवाड्याच्या दुष्काळाचा एखाद्याला फायदा झाल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तरीही आमच्या हिने विचारलंच, "अहो, वर्षातून दोनदा अजिंठा, त्यासाठी एवढा खर्च?" प्रश्न रास्त होता. पण अजिंठ्याच्या लेण्यात आणि आमच्या देवघरात मला तसूभरही फरक दिसत नाही. तिथे पुरातत्त्व खातं फ्लॅश मारू देत नाही, इथे आई. "मेला तो लखलखाट, डोळे दिपतात." उजेड म्हणाल तर एक समई. तिपाई लावायला जागा नाही, कारण शेजारी तांदळाची कोठी. आई रोज संध्याकाळी तिथे पाच-सात मिनिटं बसते, आणि त्या वेळी तिचा चेहरा जसा दिसतो तसा तो दिवसभरात कधीच दिसत नाही. वय झालंय. हा फोटो मला पाहिजे, आणि तो समईच्याच उजेडातला पाहिजे. मोबाईलने काढला तर समई विझल्यासारखी आणि आई नवी रंगवल्यासारखी दिसते. एफ १.८ ने तिचा जवळचा एक डोळा रेखीव येतो, दुसरा जरा धूसर. चालेल. तिला मोतीबिंदू आहे, तिलाही जग साधारण तसंच दिसतं.

आणि फोटो कागदावर छापावा. बाबांकडे आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी ते इतका विचार करत की पोरं कंटाळून पळून जात. पण ते बाराच्या बारा आजही अल्बममध्ये आहेत, काळ्या कोपऱ्यांत अडकवलेले. याउलट गेल्या दहा वर्षांतले हजारो फोटो आमच्या घरात आहेत असं सगळे म्हणतात, आणि एकही दाखवता येत नाही. बजेटमध्ये छपाईचे आणि एसटीच्या भाड्याचे पैसे आधी बाजूला काढावेत. कॅमेऱ्याला उरतील ते.

राहता राहिला वेळ. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. वर्षाचे २४ शनिवार आणि ५२ रविवार, म्हणजे ७६ दिवस. त्यांतून लग्नं, बारशी, दळण, सोसायटीची मीटिंग आणि साडूंकडची जेवणं वजा जाता हातात उरतात बारा-पंधरा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. ते आपल्याला नडत नाही. येत्या चौथ्या शनिवारी सकाळी नऊला लेणी उघडायच्या वेळी मी तिथे हजर असणार आहे. साडूंनाही चला म्हटलं.

ते म्हणाले, "थांबा, ऊन जरा उतरू द्या."