भूल उतरल्यावर

हृदयाची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेली असते. पेढे वाटायचा विचार घरात सुरू असतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजोबा एकाएकी मुलाला परका समजू लागतात, हाताची नळी ओढू पाहतात, पांघरुणावर मुंग्या दिसतात म्हणतात. कधी उलटच घडते. बोलके आजोबा डोळे मिटून गप्प पडून राहतात. घरची मंडळी घाबरतात. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणतो, "भूल जास्त झाली असावी."

आपल्या आज्या याला 'वात झाला' म्हणत. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. बहुतेकांचे डोके काही दिवसांत ताळ्यावर येते, काहींना अधिक वेळ लागतो. परंतु जंतूसंसर्ग किंवा प्राणवायूची कमतरता हेही त्याचे कारण असू शकते. म्हणून "वयोमानाने होते" असे म्हणून गप्प बसू नये; नर्सला ताबडतोब सांगावे.

आता त्या भुलीवरच्या आरोपाविषयी. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने हृदय उघडून यशस्वी शस्त्रक्रिया केली. तेव्हा रोगी जगतो की नाही, हाच प्रश्न होता. आज तो शहाणासुरता घरी कसा परतेल, याचाही विचार होतो. कॅनडातील चार रुग्णालयांत साठ वा अधिक वयाच्या, हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ११४० रोग्यांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांच्या मेंदूच्या विद्युत्‌लहरी पाहून भूल हलकी ठेवण्यात आली, उरलेल्यांना नेहमीप्रमाणे देण्यात आली. २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत शंभरात सुमारे अठरा जणांना डिलिरियम झाला! तेव्हा सारा दोष भूलतज्ज्ञाच्या माथी मारणे बरे नव्हे.

मग एखादे औषध? डेक्समेडेटोमिडीन नावाच्या औषधावर मोठी आशा होती. अमेरिकेत हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ८०० रोग्यांवर ते वापरून पाहिले. २०२० साली कळले की त्याने डिलिरियम कमी झाला नाही.

उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी. १९९९ साली अमेरिकेत येल येथील शॅरन इनॉय यांनी वॉर्डातील सत्तरीपुढच्या ८५२ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रोगी शस्त्रक्रियेचे नव्हते, पण धडा सर्वांनाच लागू पडण्यासारखा आहे. रोग्याला वार-वेळ सांगणे, चष्मा व कानाचे यंत्र देणे, पुरेसे पाणी पाजणे, लवकर चालवणे, रात्रीची झोप न मोडणे, एवढेच केले. डिलिरियमचे प्रमाण शंभरात पंधरावरून दहावर आले.

म्हणून आजोबांना शस्त्रक्रियेसाठी नेताना चष्मा, कवळी व कानाचे यंत्र पिशवीत घ्यावे आणि डॉक्टरांची परवानगी मिळताच परत द्यावे. भेटीच्या वेळी दहाजणांनी गर्दी करण्यापेक्षा ओळखीच्या एकाने शांतपणे बसावे. "मी सुधा, आज मंगळवार, तुमचे ऑपरेशन छान झाले," असे सांगावे. मुंग्या दिसतात म्हणाले तर वाद घालू नये आणि हसूही नये.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे हमखास लपवली जाते. शस्त्रक्रियेच्या आधी भूलतज्ज्ञ विचारतात, "दारू घेता का? झोपेची गोळी?" शेजारी सूनबाई उभी असते, आजोबा मान हलवून नाही म्हणतात, आणि आजी खाली बघते. रोजची सवय एकदम तुटली तरी दोन-तीन दिवसांत असेच बरळणे, थरथरणे सुरू होते, आणि ते जिवावरही बेतू शकते. आधी कळले तर त्यावर इलाज करता येतो. तेव्हा चारचौघांत लाज वाटत असेल तर आजींनी भूलतज्ज्ञांना बाजूला घेऊन खरे काय ते सांगावे. त्यात पतीची अप्रतिष्ठा नाही. त्यांना घरी सुखरूप आणण्याच्या तयारीचाच तो एक भाग आहे.