समुद्राकडे पाठ करून फोटो

थँक्सगिव्हिंग संपलं की बे एरियातल्या आम्हा देशी मंडळींच्या हवाईच्या गप्पा सुरू होतात. ख्रिसमसला हापिस बंद, सुट्ट्या उरलेल्या, आणि कुणाचे ना कुणाचे आई-बाबा पुण्याहून आलेले असतात, त्यांना 'कुठेतरी न्यायचं' असतं. पाच-सहा तासांचं विमान, की पोचलात. हवाईला माझा काहीच विरोध नाही, जरूर जा. माझं भांडण आहे ते आपण तिथला समुद्र ज्या सवयीने बघतो तिच्याशी.

कोकणातला समुद्र खवळायच्या आधी सांगून खवळतो. जून आला, आभाळ काळं झालं, होड्या किनाऱ्यावर ओढल्या की पाण्यात जायचं नाही हे शेंबडं पोरही जाणतं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी पुन्हा होड्या काढणार. त्यामुळे आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलंय: ऊन पडलंय म्हणजे समुद्र बरा आहे. (दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडेही लोक बुडतातच, पण ते असो.)

हवाईत हे समीकरण डिसेंबरात साफ चुकतं. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा वाइमिया बे जुलैत तळ्यासारखा असतो, आणि हिवाळ्यात त्याच जागी दोन-तीन मजली लाटा फुटतात. वादळ असतं हजारो किलोमीटर दूर, उत्तर पॅसिफिकमध्ये. त्याने उठवलेले उसासे दोन-तीन दिवस प्रवास करून बेटावर येतात. वर आकाश निळंशार, नारळाची झाडं, हातात आइस्क्रीम.

आणि लाटा गटागटाने येतात, हे तर त्याहून फसवं. मधली काही मिनिटं पाणी चक्क शांत असतं. आपण पाच मिनिटं बघतो, 'अरे, काहीच नाहीये' म्हणतो आणि खडकावर उतरतो. म्हणून निदान वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. वाळू किंवा खडक जिथपर्यंत ओला आहे तिथपर्यंत लाट नुकतीच येऊन गेलेली असते, एवढी साधी खूण पुरते.

आता हवामान खात्याच्या सूचना. आमच्या धंद्यात कंपायलरच्या शंभर वॉर्निंग स्क्रोल होऊन जातात, बिल्ड पास झालं ना, मग कोण बघतो! तीच खोड इथे नडते. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यासाठी लाटांचा चेहरा १५ फुटांवर जाणार असेल तर ॲडव्हायजरी लागते आणि २५ फुटांवर वॉर्निंग. म्हणजे 'नुसती ॲडव्हायजरीच आहे रे' म्हणणारा मित्र दीड मजल्याएवढ्या पाण्याबद्दल बोलत असतो. त्यात स्थानिक सर्फर लाट मागच्या बाजूने मोजतात, त्यांचे १० फूट म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरचे साधारण २०. युनिट बघितल्याशिवाय आकडा वाचू नये, हे इंजिनियरला मी काय सांगणार.

'पण लोक तर पाण्यात आहेत ना?' आहेत. २०२३ च्या जानेवारीत वाइमियाला एडी ऐकाउच्या नावाची स्पर्धा झाली, ती ल्यूक शेपर्डसनने जिंकली. हा गडी त्या दिवशी तिथे लाइफगार्ड म्हणून ड्यूटीवर होता! आपण पाण्यात बघतो ती माणसं ही असतात. आपण त्या हिशोबात बसत नाही.

मला खरी भीती वाटते ती पोहणाऱ्यांची नाही, फोटोची. आई साडी किंचित वर धरून घोटाभर पाण्यात उभी, बाबा शेजारी, दोघांची पाठ समुद्राकडे आणि मुलगा म्हणतोय, 'अजून थोडं मागे.' गुडघाभर वेगाचं पाणी साठीच्या माणसाला सहज पाडतं आणि परतताना ओढून नेतं. कवाई बेटावरच्या क्वीन्स बाथ या खडकातल्या डोहापाशी काठावर उभी असलेली माणसं वाहून गेली आहेत. म्हणून हिवाळ्यात तिथलं फाटक बंद करतात, आणि आपली मंडळी ब्लॉग वाचून फाटकाला वळसा कसा घालायचा ते शोधतात. फाटक लावणाऱ्याला तुमची सुट्टी बिघडवायची हौस नसते हो.

कुणी ओढला गेलाच तर मागून उडी मारू नका. ९११ लावा, तरंगेल असं काहीतरी फेका. कवाईत बऱ्याच किनाऱ्यांवर त्यासाठी पिवळ्या नळ्या टांगलेल्या असतात. आत सापडलेल्याने प्रवाहाशी झुंजू नये, तरंगत राहून हात हलवावा.

वाऱ्याला तर आपण मोजतच नाही. बेटाच्या आडोशाच्या बाजूला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळ पाणी गुळगुळीत दिसतं, आणि पोराची हवेची गादी बघता बघता खोल पाण्यात. ८ ऑगस्ट २०२३ ला माउईवर लाहैना जळालं, तेव्हा डोरा हे चक्रीवादळ दक्षिणेला शेकडो मैल लांबून जात होतं आणि उत्तरेला मोठा जास्त दाबाचा पट्टा होता. त्या दोघांमधल्या वाऱ्याने खांब पाडले, कोरड्या गवताला लागलेली आग पसरवली. १०२ माणसं गेली. त्या दिवशी भोंगे वाजले नाहीत. म्हणून भोंगा वाजेल तेव्हा बघू असं म्हणू नका. वाऱ्याची आणि आगीची सूचना एकत्र लागली असेल तर हॉटेलातून बाहेर पडायचे दोन रस्ते आधीच बघून ठेवा. पडलेली तार जिवंतच आहे असं समजा.

'पैसे भरलेत, नॉन-रिफंडेबल आहे' हा युक्तिवाद मी आमच्या ग्रुपवर दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी त्यावर भांडतो. हॉटेल दक्षिणेला घ्या, वाइकीकीच्या बाजूला. डिसेंबरात तिकडे लाटा सहसा लहान असतात आणि लाइफगार्ड असतात, आई-बाबांचे पाय तिथे भिजवा. उत्तरेला गाडी घेऊन एक दिवस जा (मोठ्या लाटांच्या दिवशी ट्रॅफिक भयानक असतो, सकाळी लवकर निघा). लाटा वरच्या कोरड्या जागेवरून बघा, काहुकूला ट्रकवरची कोळंबी खा आणि अंधाराच्या आत परत या.