वेग कोणाच्या हाती?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राशी काय कर्तव्य, असे आपल्याकडे सहज विचारले जाते. निदान अलिबागच्या किनाऱ्यावरच्या मुलाने तरी तसे विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थळला खताचा कारखाना आहे. हवेतला नायट्रोजन मोठा आळशी. हायड्रोजनशी त्याचे सहजी जमत नाही. लोखंडाचा उत्प्रेरक, सुमारे ४५० अंश उष्णता आणि प्रचंड दाब यांच्या जोरावर त्यांचा अमोनिया वेगाने तयार होतो, त्यापासून युरिया. उत्प्रेरक आणि दाब वापरण्याची ही युक्ती फ्रिट्झ हाबरने १९०९ साली करून दाखवली.

मासळीची गरज नेमकी उलटी. मासा मेला की त्याच्याच अंगातले पाचकरस आणि जंतू त्याला कुजवू लागतात. तापमान १० अंशांनी वाढले की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. या हिशेबाने बर्फातल्या बांगड्यापेक्षा ३० अंशांच्या उन्हातला बांगडा आठपट वेगाने नासेल. आमच्या घरात कॉलेज पाहणारा मी पहिला; पण शाळेची पायरी न चढलेली माझी आई हे गणित रोज जगते. बर्फ संपला की गिऱ्हाईक म्हणेल तो तिचा भाव!

शेतासाठी वेग वाढवण्याची सोय होते, मग कोळणीसाठी तो कमी करण्याची का नको? प्रत्येक बंदरावर पुरेसा बर्फ हवा, ही मागणी आपण शिकलेल्यांनीच मांडली पाहिजे. मागणीमागचे कारण मात्र सांगता यायला हवे. म्हणून कलाशाखेलाही आठवड्यातून एक तास विज्ञानाचा असावा.