अक्षराला जाडी द्या

वहीच्या मुखपृष्ठावर तुमच्यापैकी अनेकजण आपले नाव उठावदार, म्हणजे त्रिमितीय अक्षरांत काढतात. पण बहुधा इंग्रजीत! कारण विचारले की उत्तर मिळते, "सर, उर्दू-मराठी अक्षरांचा ठोकळा होत नाही." मला हे मान्य नाही.

इंग्रजी एल किंवा टी सोपे वाटतात, कारण ते सरळ रेषांचे आहेत. प्रत्येक कोपऱ्यातून एकाच दिशेने, सारख्या लांबीच्या तिरप्या रेषा काढून टोके जोडली की झाले. देवनागरीची शिरोरेषा आणि दंडही सरळच आहेत. उर्दूत तर नुक्ता पाहा. तिरप्या कापलेल्या बोरूमुळे तो शंकरपाळ्यासारखा उमटतो आणि कातिब त्याच नुक्त्याने अक्षराची लांबी-रुंदी मोजतात. त्याचा ठोकळा एल इतकाच सहज होतो. अवघड आहे ते जीमचे पोट. गोलाईवर उजेड हळूहळू कमी होतो, म्हणून छटाही हळूहळू गडद करावी लागते. खरी मजा तिथेच आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख आहे. दगडाचा आणि अक्षरांचा रंग एकच. तरी अक्षरे दिसतात, कारण खाचेत सावली साचते. आपण कागदावर ती सावली पेन्सिलीने आणतो. (तिला शिसपेन्सिल म्हणतात, पण तिच्यात शिसे नसते, ग्राफाइट आणि चिकणमाती असते. एचबीमध्ये माती अधिक, म्हणून ती फिकट उमटते. गडद बाजूला 6बी घ्या.)

"आता दुकानांच्या पाट्या छापून येतात, मग हे कशाला शिकायचे?" असे काही पालक विचारतात. उल्हासनगर किंवा बदलापूरच्या बाजारात पाट्या नीट पाहा. एकाच पाटीवर एका ओळीची सावली डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे पडलेली आढळली, तर ती करणाऱ्याने उजेड कोठून येतो हे ठरवलेच नव्हते असे समजा. संगणक सावली देतो. उजेडाची दिशा माणसानेच ठरवायची असते.

तेव्हा या आठवड्यात आपले नाव दोन्ही लिपींत काढा. एक काळजी मात्र घ्या. मराठी लिहिताना उजवा हात कोऱ्या कागदावर सरकतो; उर्दूत तो काढलेल्या अक्षरांवर टेकतो आणि ग्राफाइट पुसले जाते. तळव्याखाली एक कोरा कागद ठेवा.