आमच्या गाण्यातला साक्षीदार कुठे गेला?

वामनदादा कर्डकांनी 1943 साली पहिले गीत लिहिले, ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. नव्या गीतकारांना हे सांगितले की ते चकित होतात. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा, मोठेपणी अक्षर गिरवलेला हा माणूस उसन्या चालीवरच सुरू झाला. पण तिथे थांबला नाही. 2004 साली निर्वाण होईपर्यंत गावोगाव फिरून त्याने पाहिलेले दुःख आणि स्वतःचा स्वाभिमान गाण्यात ओतला.

आज 14 एप्रिलला डीजेवर काय वाजते? चाल सिनेमाची आणि शब्द ठरलेले : वाघ, राजा, सूट-बूट, गाडी. नाचायला आमचा विरोध नाही. वर्षभर राबणारा माणूस एक दिवस नाचला तर कुणाच्या पोटात दुखायचे कारण नाही. प्रश्न गाणे लिहिणाऱ्याचा आहे. कोर्टात ऐकीव पुरावा सहसा चालत नाही, साक्षीदाराने स्वतः पाहिलेले सांगावे लागते. आमचा तरुण गीतकार वसतिगृहात राहतो, रखडलेल्या शिष्यवृत्तीसाठी हेलपाटे घालतो, आडनाव विचारून खोली नाकारली जाते तेव्हा मुकाट्याने जिना उतरतो. यातले त्याच्या गाण्यात काहीच नाही! तिथे तो दुसऱ्याने गायिलेला गौरव पुन्हा गातो. बाबासाहेबांविषयीची त्याची कृतज्ञता खोटी नाही, पण शब्द मात्र त्याचे नाहीत.

त्याला दोष देणे सोपे आहे. खरे बोलणाऱ्या गाण्याची किंमत त्याने पाहिली आहे. 2020 साली एल्गार परिषद प्रकरणात कबीर कला मंचाच्या तीन कलावंतांना अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात वर्षे जातात, हे गरीब घरातल्या आईला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे कारण पोटाचे. जयंतीच्या तोंडावर कंपनी ठोक रक्कम देते, आठ दिवसांत गाणे मागते आणि न वाचता सही घेते. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला सोडून देता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो. हे आमच्या किती मंडळांना ठाऊक आहे? जयंती समित्यांनी डीजेच्या खर्चातून एक संध्याकाळ नव्या गाण्यांसाठी काढावी, गीतकाराचे नाव मंचावरून पुकारावे आणि मानधन त्याच रात्री हातात द्यावे.